वन्संचा डाळिंबी झगा

आमच्या शेजारच्या दोघींना सगळी गल्ली ‘वहिनी’ आणि ‘वन्सं’ म्हणायची, कारण त्या एकमेकींना तशाच हाका मारायच्या आणि त्या हाका भिंतीपलीकडे ऐकू यायच्या. वहिनी कपडे शिवायच्या. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं मोठं टेबल, दारामागे उभा आरसा आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली माप घ्यायची जागा. वन्सं त्यांच्या नणंदबाई, वयाने चार वर्षांनी धाकट्या, बस आगारात नोकरीला. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली उशिरा येणार, हे माइकवरून सांगायचं त्यांचं काम. चौतीस वर्षं त्या एका बिनखिडकीच्या खोलीत राखाडी युनिफॉर्म घालून बसल्या आणि बोलल्या. त्यांचा आवाज सगळ्या शहराला ठाऊक होता आणि चेहरा कुणालाच नाही.

वहिनींच्या लग्नाला तीन वर्षं झाली नाहीत तोच त्यांचा नवरा, म्हणजे वन्संचा थोरला भाऊ, कामावरच कोसळला आणि गेला. मूलबाळ नव्हतं. वहिनी माहेरी परत जातील असं लोकांना वाटलं. वन्संचं लग्न होईल असंही वाटलं. दोघी कुठेच गेल्या नाहीत. वहिनींना विचारलं की म्हणायच्या, त्या जातील म्हणून मी थांबले. वन्संना विचारलं की त्या हेच उलटं सांगायच्या. तीस वर्षं त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य चाललं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, चहा किती उकळायचा, रेडिओ किती मोठा लावायचा, भांडायला काहीही पुरायचं. पण एकीच्या अंगात कणकण आली की दुसरी कामाला जात नसे.

यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. जे पाहिलं नाही ते वहिनींनी नंतर सांगितलं, एकदा नाही, पुष्कळदा, आणि दर वेळी शब्दही बदलला नाही.

वन्सं निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी जहाजाच्या सफरीचं तिकीट काढलं. सात दिवसांची सफर, चार महिन्यांनी निघणारी. आधी ताकास तूर लागू दिली नाही. एका दुपारी कापायच्या टेबलावर रंगीत पुस्तिका आणून ठेवली आणि म्हणाल्या की मी समुद्रावर जाते आहे. वहिनींनी कात्री खाली ठेवली नाही. तुम्हाला साध्या बसमध्ये मळमळतं, एवढंच त्या म्हणाल्या. तुम्हीही चला, असं वन्संनी दोनदा म्हणून पाहिलं, आणि दुकान कोण बघणार, असं उत्तर दोनदा मिळालं.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर कपड्यांविषयी लिहिलं होतं. एरवीच्या संध्याकाळी जेवायला नीटनेटके कपडे चालतील, मात्र अर्धी चड्डी आणि पोहायचे कपडे नकोत. दोन संध्याकाळी मात्र सजून यायचं. पुरुषांनी कोट-टाय, बायकांनी इव्हिनिंग गाऊन किंवा तसंच काही.

“गाऊन घालून जेवायचं?” वहिनी म्हणाल्या. “मग त्यासाठी समुद्रावर कशाला जायला हवं? आपण रोज तेच करतो.”

वन्सं हसल्या नाहीत. त्यांना तसा लांब झगा हवा होता, पायघोळ, आणि तो वहिनींनीच शिवलेला हवा होता. कुणाला दाखवायचा आहे एवढा, असं वहिनींनी विचारलं. मोठी माणसं आपल्या माणसाला जसं सहज टोचून बोलतात तसंच विचारलं. वन्सं थोडा वेळ पुस्तिकेतलं चित्र बघत बसल्या आणि म्हणाल्या, “मला एकदा जेवायच्या खोलीत शिरायचंय आणि चार लोकांनी मान वळवून बघायला हवंय. बस, एवढंच.”

त्यानंतर वहिनींनी थट्टा केली नाही. उलट हात धुऊन त्या कामाच्या मागे लागल्या. दातांच्या डॉक्टरांची बायको त्यांची जुनी गिऱ्हाईक होती आणि ती दोनदा अशा जहाजावर जाऊन आलेली. तिला स्टुलावर उभी करून तिच्या घेराची मुडप घालता घालता वहिनींनी तिची उलटतपासणीच घेतली. जेवणाचा हॉल एसीने बर्फासारखा असतो, तेव्हा अंगावर शाल किंवा छोटं जाकीट हवंच. उंच टाचांचे बूट घेऊन गेलेल्या बायका दुसऱ्या दिवसापासून सपाट चपलांवर येतात, कारण जमीन हलते. कापड चुरगळणारं नको, केबिनमध्ये इस्त्री ठेवू देत नाहीत. दोन संध्याकाळींना एकच झगा चालतो, वरची शाल बदलली की झालं, कुणी लक्षात ठेवत नाही. पर्स किल्ली आणि चष्मा मावेल एवढीच. वहिनींनी हे सगळं माप-वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

रंगावरून मात्र जुंपली. वहिनींनी गडद निळा ठरवला होता, वयाला शोभणारा. वन्संना डाळिंबी हवा होता. राखाडीत चौतीस वर्षं काढली, आता निळ्यात मला कुणी बघणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस अबोला चालला. तिसऱ्या दिवशी वहिनी न बोलता बाहेर गेल्या आणि डाळिंबी क्रेपचा तागा घेऊन आल्या. वन्संना पडद्याआड उभं करून त्यांनी मापं घेतली आणि वहीत लिहिली. कंबर चौतीस, छाती अडतीस, खांदा पंधरा.

शिंप्याच्या घरचं काम सगळ्यात शेवटी होतं. गिऱ्हाइकांची लग्नं, गिऱ्हाइकांचे समारंभ आधी. त्यामुळे झगा घालून पाहायला तीन आठवडे गेले. कमरेला तो दीड इंच सैल झाला. वहिनींना स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं. आता डोळे गेले म्हणायचे, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि वन्संना काही न सांगता टाचण्या लावून शिवण आत घेतली. आतलं जास्तीचं कापड कापून टाकलं नाही. शिवणीच्या आत असं कापड राखून ठेवतात, पुढेमागे कपडा सैल करायची वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून. शिंपी त्याला माया म्हणतात. वहिनी गिऱ्हाइकाच्या कपड्यात अर्धा इंच माया ठेवायच्या. वन्संच्या झग्यात आता सव्वा इंच झाली.

आणखी तीन आठवड्यांनी बाह्या जोडून झाल्या आणि वन्सं पुन्हा आरशासमोर उभ्या राहिल्या. झगा परत सैल. या वेळी वहिनींनी टेप काढून कंबर मोजली. एकतीस भरली.

“जेवण सोडलंत की काय?” त्यांनी विचारलं. “का जहाजावर नवरा बघायला निघालात? आधी सांगितलं असतंत तर गळा जरा खोल कापला असता.”

वन्सं मनापासून हसल्या. म्हणाल्या, टेपच सैल झाली असेल तुमची. वहिनीही हसल्या. त्या वेळी वन्संनी एका हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली होती, हे वहिनींनी पाहिलं होतं. पाहिलं आणि मनावर घेतलं नाही. पुढे मला सांगताना त्या इथे नेहमी थांबायच्या.

महिनाभराने घेर आणि गळा पुरा झाला. जहाज निघायला पाच आठवडे उरले होते. वन्संनी झगा अंगात घातला आणि खांद्याची शिवण दंडावर घसरली. वहिनींनी खांदा मोजला. चौदा. पुन्हा मोजला, तरी चौदाच. माणसाने जेवण कमी केलं तर पोट उतरतं, कंबर उतरते. खांद्यावरचं मांस असं उतरत नाही. हे वहिनींना कुणी शिकवलेलं नव्हतं, हजारो अंगांना टेप लावून कळलेलं होतं. टाचण्यांची डबी बंद करून त्या म्हणाल्या, कपडे बदला, आपण डॉक्टरकडे चाललो आहोत. वन्संनी कारण विचारलं नाही. भांडल्याही नाहीत. त्यावरूनच वहिनींना कळायचं ते कळलं.

तपासण्यांमध्ये नऊ दिवस गेले. आजार पोटात खोल होता आणि फार पुढे गेलेला होता. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. वेदना कमी ठेवू, असं म्हणाले. वहिनी त्यांना दाराबाहेर गाठून म्हणाल्या की दोन महिने आधी आणलं असतं तर? असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना हातातल्या कागदाकडे बघत राहिले.

घरी आल्यावर वहिनींनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “टेप माझ्या हातात होती, वन्सं. दोनदा. आणि मी थट्टा करत बसले.”

वन्संना त्यांची समजूत घालायची होती. त्या म्हणाल्या, “अहो, मलाच केव्हापासून दुखत होतं. कुणाला सांगितलं तर जहाज जाईल म्हणून गप्प बसले. आणि तुम्ही हसलात ना, तेव्हा मला किती बरं वाटलं. म्हटलं, वहिनींनी मोजलंय आणि हसताहेत, म्हणजे एवढं काही नसणार.”

त्यांनी ते मायेनेच सांगितलं. पण ते शब्द वहिनींच्या मनातून नंतर कधीच गेले नाहीत. चहा उतू गेला तरी त्या हलल्या नाहीत. गॅस वन्संनीच उठून बंद केला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सफर रद्द करायला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, दोन्ही प्रवाशांचं तिकीट रद्द करायचं का? वहिनींना वाटलं तिची काही चूक झाली. मुलीने दुसरं नाव वाचून दाखवलं. ते वहिनींचंच होतं.

“पहिल्या दिवसापासून दोन पलंगांची केबिन आहे,” आतल्या खोलीतून वन्सं म्हणाल्या. “निघायच्या आदल्या दिवशी सांगणार होते. भांडायला वेळच मिळाला नसता तुम्हाला.”

वहिनींनी फोन ठेवून दिला. मग डॉक्टरांशी भांडून गोळ्या आणि प्रवासाला हरकत नाही अशी एक चिठ्ठी आणली, दुकानाला कुलूप लावलं, आणि झग्याचं काम हातात घेतलं. खांद्यांत पातळ गादी घातली, म्हणजे शिवण जागेवर बसेल. बाह्या मनगटापर्यंत केल्या, दंड दिसू नयेत म्हणून. गळा वर घेतला. कमरेला आत एक पट्टी टाकून बंद लावले, रोज हवं तेवढं आवळता येईल असे. मी त्या दिवसांत जेवणाचा डबा द्यायला जायचे. वहिनी मान वर करून बघायच्या नाहीत. पण मायेचं कापड त्यांनी तेव्हाही कापलं नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं दुमडून आत शिवलं. मी बघते आहे हे पाहून म्हणाल्या, “भरल्या परत, तर?” मी हो म्हणून मान हलवली. दुसरं काय करणार होते?

स्वतःसाठी त्यांनी काहीच शिवलं नाही. एका गिऱ्हाइकाने कधीच न नेलेला काळा स्कर्ट होता, तो आपल्या मापाचा केला आणि वर पांढरा ब्लाउज घेतला.

पहिली सजायची संध्याकाळ सफरीच्या दुसऱ्या दिवशी होती. केबिन इतकी लहान की एकीने कपडे घालताना दुसरीने पलंगावर पाय घेऊन बसायचं. वहिनींनी बंद आवळले, पाठीवर दोन टाचण्या लावल्या, गालांना जरासा रंग लावला आणि शाल खांद्यावरून अशी टाकली की मानेची हाडं झाकली गेली. मग दोघी हळूहळू जिना टाळून लिफ्टने गेल्या. हॉलच्या दारात वन्सं थांबल्या. श्वास घ्यायला थांबल्या की मुद्दाम, ते वहिनींना कळलं नाही. डाळिंबी रंग दिव्यांखाली फार छान उठून दिसत होता. पलीकडच्या दोन-तीन टेबलांवरच्या माणसांनी खरोखरच वळून पाहिलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खुर्चीवरून अर्धं उठून मान लववली. वन्संनीही लववली, जसं काही हे रोजचंच असावं.

त्यांच्या टेबलावर आणखी एक जोडपं होतं. बोलता बोलता निघालं की तीही आमच्याच शहराची. बाई बडबड्या होत्या. पूर्वी आगारात एक बाई गाड्या सांगायच्या, असं त्या म्हणाल्या. काय तो आवाज होता, स्वच्छ, गोड. आम्ही शाळेत असताना तो आवाज ऐकला की वाटायचं आता सुटी लागली. आता कुणी दुसरीच असते. त्या आधीच्या बाईंचं काय झालं कोण जाणे.

तासभर त्या वन्संशीच बोलत होत्या. वन्संचा आवाज आजाराने इतका बारीक आणि खरखरीत झाला होता की ओळखणं शक्यच नव्हतं. वहिनींनी सांगायला तोंड उघडलं, तोच टेबलाखाली वन्संनी त्यांच्या पायावर पाय दिला. आणि त्या बाईंना म्हणाल्या, “निवृत्त झाल्या असतील. मजेत असतील कुठेतरी.”

केबिनमध्ये परत आल्यावर वहिनी रागावल्या, का सांगू दिलं नाहीत म्हणून. वन्सं म्हणाल्या, त्यांच्या कानात चांगला आवाज आहे, तो राहू दे.

दुसरी सजायची संध्याकाळ पाचव्या दिवशी होती. त्या दिवशी वन्संना सकाळपासून उठवतच नव्हतं. दुपारी जहाजावरच्या डॉक्टरने गोळी वाढवून दिली. संध्याकाळी वहिनी उशाशी बसल्या होत्या, तर वन्सं म्हणाल्या की तुम्ही जा. वहिनी नाही म्हणाल्या. मग वन्संनी जुन्या सुरात सुनावलं, “आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेत, आणि लोकांनी ते घालून जेवताना कधी बघितलंत? जा आणि बघून या. मला सगळं सांगा. शिवणीसकट.”

तेव्हा वहिनी काळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज घालून गेल्या. खुर्चीवर बसल्या, जेवल्या नाहीत, नुसतं बघितलं. तासाभराने परत येऊन दिवा मंद केला आणि सांगायला सुरुवात केली. चंदेरी झगा घातलेल्या बाईच्या पाठीवरची चेन वाकडी बसली आहे, शिवणाऱ्याच्या हाताला घाई होती. हिरव्या मखमलीतल्या बाईने एक बाजू उलट्या लवेची कापून घेतलीय, एका बाजूला काळपट आणि दुसऱ्या बाजूला पिवळं दिसतंय. एका नवऱ्याचा कोट भाड्याचा असावा, बाहीतून चार बोटं शर्ट बाहेर. एका मुलीचा मोरपंखी झगा मात्र असा बेतलेला होता की हात लावून बघावासा वाटला. “आणि एका बाईंनी मला पाणी मागितलं,” वहिनी म्हणाल्या. “काळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज. त्यांना वाटलं मी वाढपी आहे.”

“मग?”

“मग काय, दिलं आणून. शेजारच्यांनी पण मागितलं.”

वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. वहिनींनी पाठीवरून हात फिरवला. हाताखाली एकेक मणका लागत होता आणि वहिनी तरीही सांगत राहिल्या, कोण कुठे बसलं होतं, कुणाचा घेर कुठे अडकला, वन्संचा डोळा लागेपर्यंत.

परत आल्यावर वन्सं साडेसहा आठवडे होत्या. शेवटचे दहा दिवस इस्पितळात. दोघी तिथेही खिडकीवरून वाद घालायच्या, फक्त आता वन्सं नुसत्या बोटाने खूण करायच्या आणि वहिनी एकट्याच दोन्ही बाजूंनी बोलायच्या. एका सकाळी, नर्स चादर बदलायला आली तेव्हा, वन्सं गेलेल्या होत्या. वहिनी शेजारीच होत्या, खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागलेली. तेही त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

घर आवरायला मी मदतीला गेले होते. आगाराने निवृत्तीच्या वेळी दिलेली एक ध्वनिफीत कपाटात सापडली, वन्संच्या घोषणांची. मी विचारलं लावू का. वहिनी म्हणाल्या, नको, पलीकडच्या खोलीत आहेत असं वाटेल. डाळिंबी झगा त्यांनी कुणाला दिला नाही आणि पुन्हा बाहेरही काढला नाही.

दुकान महिनाभराने उघडलं. पण गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं की वहिनी बदलल्या आहेत. कुणाचं माप आधीच्यापेक्षा कमी भरलं की टेप खाली ठेवून त्या तोंडावर म्हणायच्या, डॉक्टरला दाखवून या, मगच कापड कापीन. दातांच्या डॉक्टरांच्या बायकोने कष्टाने वजन उतरवलं होतं. तिला कौतुक हवं होतं, हे ऐकायचं नव्हतं. ती रागावली आणि परत आली नाही. आणखीही काही जणी गेल्या. मी एकदा म्हटलं, वहिनी, असं सगळ्यांना घाबरवू नये. त्या म्हणाल्या, “थट्टा करण्यापेक्षा बरं.”

वर्षभराने त्यांनी अंगावरचे कपडे शिवणंच सोडलं. पडद्यामागची माप घ्यायची जागा काढून टाकली. आता त्या पडदे शिवतात, उशांचे अभ्रे शिवतात, खुर्च्यांच्या गाद्यांना खोळी घालतात. हात अजून तसाच सफाईदार आहे. लोकांना वाटतं डोळे कमी झाले म्हणून सोडलं, आणि त्या तसंच वाटू देतात. मला मात्र एकदा म्हणाल्या, उशी बारीक होत नाही.

परवा मी आमच्या खिडकीचे पडदे शिवायला टाकायला गेले होते. मशीन चालू होतं. त्यांनी मानेनेच बसायला सांगितलं आणि लांबी विचारली. मी कागदावर लिहून आणली होती ती वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली, पण मग उठल्या, टेप गळ्यात घातली, माझ्याबरोबर आमच्या घरी आल्या, आणि स्टुलावर चढून स्वतः खिडकी मोजली. एकदा मोजली, आणि पुन्हा एकदा.